फरशीवरचं पीस आधी वाचा : घरच्या पोपटाची पिसं का झडतात, कधी झडतात आणि तेव्हा काय करायचं

सकाळी कचरागाडीचं गाणं गल्लीच्या तोंडाशी आलं की मी पिंजऱ्याखालून झाडू फिरवते. एरवी सुपलीत येतात ती राळ्याची टरफलं. (राळे म्हणजे दुकानात मिळते ती कांगनी. इंदूरला राळे मागितले तर दुकानदार नुसता तोंडाकडे बघत राहतो.) मग एखाद्या सकाळी त्या टरफलांत वीसेक पिसं निघतात, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढीच, आणि आठवडाभरात रामबागेतल्या आमच्या शेजारच्या काकू ओट्यावरून विचारतात, “अगं, त्या पाखराला काही रोगबिग लागलाय का?”

पहिल्या वर्षी मलाही तसंच वाटलं होतं. आमच्या गोटूचा, म्हणजे आमच्या कॉकाटीलचा (डोक्यावर तुरा असलेला छोटा पोपट), भर मे महिन्यात पिसांचा सडा पडला. मी घाबरून एका दुकानातून लाल औषधाची बाटली आणली आणि सांगितल्याप्रमाणे पाण्यात टाकली. पाण्याची चव बदलली म्हणून गोटूने दिवसभर वाटीत चोच घातली नाही. एकेचाळीस डिग्री उन्हाळ्यात औषधाने पाखरू तहानलेलं ठेवलं, एवढाच काय तो गुण आला. पिसं त्याच्या वेळेला झडायची ती झडली आणि त्याच्या वेळेला आलीही. तेव्हापासून माझा नियम एकच : बाटलीला हात लावायच्या आधी खाली पडलेलं पीस उचलून नीट बघायचं. बरंचसं उत्तर त्या पिसातच असतं.

पुढे जाण्याआधी एक कटू गोष्ट उरकून टाकते. तुमच्या घरातला मिठू हिरवा, लाल चोचीचा, गळ्यात कंठी असलेला आपला देशी पोपट असेल, तर तो पाळणं 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. पहाडी पोपटालाही तेच लागू. “आमच्या आजीच्या वेळेपासून आहे” हे कायद्यात बसत नाही. मात्र घाबरून त्याला गच्चीवरून उडवून देऊ नका. माणसाच्या हातचं खाऊन वाढलेला पोपट बाहेर तग धरत नाही. वन विभागाशी बोला. इथे मी लिहितेय ते मुख्यतः बजरी (बाजारात जिला सर्रास ‘लव्हबर्ड’ म्हणून विकतात), कॉकाटील आणि खरे आफ्रिकन लव्हबर्ड यांच्याबद्दल.

पीस झडतं म्हणजे काय होतं

पीस केराटिनचं असतं, आपल्या नखांसारखं. एकदा पूर्ण वाढलं की ते मेलेलं असतं. त्यात रक्त नाही, जीव नाही. म्हणून झिजलेलं पीस दुरुस्त होत नाही. पिंजऱ्याच्या गजाला घासून, उन्हाने, रोजच्या चोचीने विंचरण्याने त्याच्या कडा विरतात, आणि विरलेल्या पिसांनी ना नीट उडता येत ना ऊब राहते. तेव्हा एकच उपाय उरतो, जुनं टाकून नवं आणणं. त्वचेत जिथे पिसाचं मूळ असतं, त्याच खळग्यात नवा कोंब धरतो आणि खालून जुन्या पिसाला ढकलून बाहेर काढतो. दुधाचा दात पडतो ना, साधारण तसंच.

यातून एक कामाची गोष्ट निघते. कापलेलं किंवा मधोमध मोडलेलं पीस लगेच नवं येत नाही, कारण त्याचा बुंधा खळग्यात अडकून असतो. तो झडेपर्यंत वाट बघावी लागते. समूळ निघालेलं पीस मात्र मोसमाची वाट न बघता लगेच उगवायला लागतं. दुकानदाराने पंख कापून दिलेल्या पाखराला पुन्हा उडता कधी येईल, याचं उत्तर हेच : पुढची पिसं झडतील तेव्हा. हा मुद्दा लक्षात ठेवा, शेवटी पुन्हा येणार आहे.

सगळी पिसं एकदम झडत नाहीत. इंदूरच्या सिरपूर तलावावर थंडीत जी बदकं उतरतात, त्यांची उड्डाणाची पिसं विणीनंतर एकाच वेळी झडतात आणि काही आठवडे त्यांना उडताच येत नाही. पाण्यात लपता येतं म्हणून त्यांना ते परवडतं. पोपटाला परवडत नाही. त्याच्या पंखात टोकाकडची दहा मोठी पिसं असतात. झडणं त्यांच्या मधल्या एखाद्या पिसापासून सुरू होतं आणि दोन्ही बाजूंना सरकत जातं. डावीकडचं एक पडलं की थोड्या दिवसांत उजवीकडचं जोडीदार पडतं, त्यामुळे तोल जात नाही. अंगावरची बारीक पिसं मात्र मूठमूठभर निघतात.

कधी झडतात

मुख्य इशारा उजेडाचा. दिवस किती तासांचा आहे हे पाखराच्या मेंदूला कळतं, त्यावर विणीचे आणि थायरॉइडचे हार्मोन हलतात, आणि विणीचा हंगाम सरला की पिसं बदलायचं काम सुरू होतं. अंडी, पिल्लं आणि नवी पिसं ही तिन्ही खर्चाची कामं. शहाणा पक्षी ती एका वेळी काढत नाही. इंदूरला जूनमध्ये दिवस साधारण साडेतेरा तासांचा असतो आणि डिसेंबरात पावणेअकरा तासांचा. बाहेरच्या झाडांवरचे देशी पोपट उन्हाळ्याच्या सुरुवातीपर्यंत वीण आटोपतात आणि पुढे उन्हाळ्या-पावसाळ्यात पिसं बदलतात.

घरातल्या पाखराचं पंचांग मात्र आपण बिघडवतो. रात्री अकरापर्यंत हॉलमध्ये ट्यूबलाइट आणि टीव्ही चालू असेल, तर त्याच्यासाठी बाराही महिने ज्येष्ठच. मग पिसं कधीही, थोडी थोडी, वर्षभर झडत राहतात आणि पाखरू सदा थकलेलं दिसतं. बजरीची गोष्ट आणखी वेगळी. ती मूळची ऑस्ट्रेलियातल्या कोरड्या मुलखातली, पाऊस पडला की वीण करणारी. तिला ठरलेला महिनाच नाही. बजरी वर्षातून दोनदा किंवा त्याहूनही जास्त वेळा पिसं बदलते, कॉकाटील एकदा-दोनदा. जोराचं झडणं दोन-तीन आठवडे चालतं, नवी पिसं पुरती यायला दीड-दोन महिने जातात. मोठ्या जातींत पंख-शेपटीची सगळी पिसं बदलायला वर्षभर किंवा त्याहून जास्त लागतं.

पहिली खेप सर्वांत मजेची. बजरीच्या पिल्लाच्या कपाळावर चोचीपर्यंत काळ्या रेघा असतात. तीन-चार महिन्यांची झाली की त्या रेघा मागे सरतात आणि कपाळ स्वच्छ निघतं. करड्या कॉकाटीलमध्ये सहा महिने ते वर्षभरात नराचा चेहरा पिवळाधमक होतो. आमचा गोटू त्याआधी ‘गोटी’ होता, हे इथे कबूल करते.

पहिलं काम : पीस वाचा

आठवडाभराची पिसं कागदाच्या पाकिटात जमवा. मी मिठाईचा रिकामा डबा वापरते. मग उजेडात, शक्य तर भिंगाखाली, एकेका पिसाचं बूड बघा.

बूड निमुळतं, कोरडं, पांढुरकं आणि टोकाला बंद असेल, तर पीस आपणहून झडलंय, चिंता नको. बूड काळपट, मऊ, ओलसर असेल, त्याला रक्त असेल, तर वाढतं पीस उपटलं गेलंय. दांडीच मधे चावल्यासारखी तुटली असेल, कडा कुरतडलेल्या असतील, तर पाखरू स्वतः किंवा त्याचा जोडीदार पिसं खातोय. आणि पिसावर आडवी, बारीक, काचेसारखी रेघ दिसली, तर ते पीस वाढत असताना केव्हातरी त्याची उपासमार, आजार किंवा मोठी भीती झाली होती असं समजा. एखाद-दुसऱ्या पिसावर अशी रेघ चालते. बऱ्याच पिसांवर एकाच उंचीला दिसली तर त्या दिवसांत घरात काय घडलं ते आठवा. आमच्या डब्यातल्या अशा पिसांचा हिशेब मांडला तेव्हा तो बरोबर दिवाळीच्या फटाक्यांपाशी येऊन थांबला.

हातात निळ्या बजरीचं पीस असेल तर एक गंमत करून बघा. ते खिडकीच्या उजेडासमोर धरा, म्हणजे उजेड मागून येईल. निळा रंग नाहीसा होतो, मळकट तपकिरी दिसतं. निळा रंग पिसात भरलेलाच नसतो. पिसाच्या आतल्या अतिसूक्ष्म रचनेवरून परतणाऱ्या उजेडाचा तो खेळ असतो. पिवळा-लाल रंग मात्र खरा असतो, आणि तो पोपटाचं शरीर स्वतः बनवतं. त्यामुळे गाजर खाऊ घालून पोपट लाल होत नाही. उलट हिरव्या पाखराला नवी पिसं अचानक पिवळी किंवा काळी यायला लागली, तर खाणं किंवा यकृत तपासायला हवं.

दुसरं काम : पाखरू बघा

पिसं झडताना अंग विरळ दिसतं, मान-डोकं विस्कटलेलं दिसतं, पण कातडी उघडी पडत नाही. टक्कल दिसलं की ते नेहमीचं झडणं नव्हे. अपवाद पिवळट-पांढऱ्या लुटिनो कॉकाटीलचा. तुऱ्याच्या मागे त्यांना जन्मजातच टक्कल असतं.

उघडी जागा कुठे आहे हे महत्त्वाचं. छाती, पाय, पंखाखाली टक्कल आणि डोक्यावर मात्र भरगच्च पिसं, असं असेल तर पाखरू स्वतःची पिसं उपटतंय, कारण स्वतःच्या डोक्यापर्यंत त्याची चोच पोचत नाही. डोकंही उघडं असेल, तर जोडीदाराचा उद्योग किंवा आजार.

नवे कोंब दिसतायत का तेही बघा. डोक्यावर, मानेवर काटे उगवल्यासारखे दिसतात. झडलेल्या जागी काटे असले की गाडी रुळावर आहे.

खाणं : इथेच खरं काम आहे

पिसाचा बहुतेक भाग, ऐंशी-नव्वद टक्के, प्रथिनांचा असतो, आणि त्यात गंधक असलेली अमिनो आम्लं, मिथिओनिन आणि सिस्टीन, भरपूर लागतात. आपल्याकडची पाखरं वर्षानुवर्षं कांगनी-बाजरीवर जगतात. नुसत्या दाण्यांत ‘अ’ जीवनसत्त्व आणि कॅल्शियम जवळपास नाहीच, लायसिन-मिथिओनिनही तोकडं. एरवी ते निभून जातं. पिसं बदलताना उघडं पडतं.

तर या दोन महिन्यांत दाणे चालू ठेवून बाजूला हे द्या : मोड आलेले मूग, मीठ-फोडणीशिवाय शिजवलेला पातळ वरण-भात, शेवग्याचा पाला, मेथी, कोथिंबीर, किसलेलं गाजर, लाल भोपळा, ढोबळी मिरची. घरात अंडं चालत असेल तर उकडून, कुस्करून, बजरीला चिमूटभर आणि कॉकाटीलला छोटा चमचाभर, आठवड्यातून दोन-तीनदा. आमच्या सासूबाईंच्या स्वयंपाकघरात अंडं शिरत नाही, म्हणून गोटूचं अंडं गच्चीवर छोट्या शेगडीवर उकडतं. तुम्ही मोड आणि डाळींवर भर दिलात तरी चालेल. राजमा मात्र भिजवलेला कच्चा कधीच देऊ नका, विषारी असतो. पिंजऱ्याला समुद्रफेस (समुद्री जीवाचं पांढरं, ठिसूळ हाड, कॅल्शियमसाठी) टांगा. सूर्यफुलाच्या बिया हातावरून बक्षीस म्हणून चार-दोन, वाटी भरून नव्हे. निव्वळ तेल असतं.

नवं खाणं पाखरू पहिल्या दिवशी फेकतं. फेकू द्या. सकाळी भूक लागलेली असताना तेच पुन्हा ठेवा, समोर बसून स्वतः चघळून दाखवा. गोटूने शेवग्याचा पाला खायला अठरा दिवस घेतले, मी वहीत लिहिले आहेत. उन्हाळ्यात ओलं खाणं दोन तासांत उचला, आंबतं.

आता इंदूरचा प्रश्न. पोह्यांवरची शेव. सगळ्या घरांत कुणीतरी आजोबा असतातच, जे सकाळच्या बशीतली शेव पिंजऱ्यात सरकवतात आणि “बघ कसा आवडीने खातो” म्हणतात. तिखटाचं काही नाही. पक्ष्यांना मिरचीचा तिखटपणा जाणवतच नाही, म्हणून तर मिठू हिरवी मिरची कराकरा चावतो. पण चाळीस ग्रॅमच्या जीवाला शेवेतलं मीठ आणि तेल फार झालं. चॉकलेट, चहा-कॉफी, कांदा आणि अवोकाडो तर अजिबात नको.

टॉनिकबद्दल : पाण्यात मिसळलेली जीवनसत्त्वं काही तासांत निकामी होतात, पाणी लवकर खराब होतं, आणि पाखरू पाणी कमी पितं. द्यायचंच तर डॉक्टरांनी सांगितलेलं, मऊ खाण्यात मिसळून.

अंघोळ आणि झोप

पसरट ताटलीत बोटभर पाणी किंवा वरून बारीक फवारा, नुसत्या पाण्याचा, सकाळी. ओलाव्याने कोंबांवरची आवरणं मऊ होतात आणि खाज कमी होते. साबण, शाम्पू, खोबरेल काही नको, आणि हेअर ड्रायर तर नकोच. काही ड्रायरच्या आतल्या लेपाचा तापल्यावर येणारा वायू पाखराला मारू शकतो. जानेवारीत भर दुपारच्या उन्हाच्या कवडशात उरका. कूलरचा झोत अंगावर येऊ देऊ नका, या दिवसांत अंगावर पांघरूण अपुरं असतं. रंगपंचमीला गेर (रंग उधळणारी मिरवणूक) निघते त्या दिवशी खिडक्या बंद. पिसांवर बसलेला गुलाल विंचरताना थेट पोटात जातो.

झोप दहा ते बारा तास, अंधारात. संध्याकाळी साताठला पिंजरा आतल्या खोलीत. एवढं एकच केलंत तरी वर्षभर चालणारी झड आटोक्यात येते.

काटे कुणी आणि कसे सोडवायचे

नवं पीस गुंडाळी केलेल्या छत्रीसारखं एका पातळ आवरणात येतं. आत रक्त वाहत असतं, म्हणून बुडाशी ते निळसर-काळं दिसतं. वाढत गेलं की रक्त मागे सरतं, टोकाकडचं आवरण पांढरं, कोरडं, ठिसूळ होतं आणि पाखरू ते चोचीने सोलतं. पिंजऱ्याखाली पडणारा पांढरा भुसा तो हाच. कॉकाटीलच्या अंगावरून शिवाय पिठासारखी पूड उडते ती वेगळी. घरात दमेकरी असेल तर झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसा.

डोक्यावरचे काटे एकट्या पाखराला सोलता येत नाहीत. जोडीदार नसेल आणि पाखरू स्वतःहून मान वाकवून डोकं पुढे करत असेल, तरच हात लावा. टोक पांढरं झालेला एकच काटा दोन बोटांच्या नखांत हलका धरायचा आणि उदबत्तीची राख झाडावी तसा किंचित फिरवायचा. आवरण भुरभुरतं आणि आतून पीस कुंचल्यासारखं उलगडतं. बुडाकडच्या काळसर भागाला बोट लागलं की ते चावतं, आणि बरोबर करतं, तिथे दुखतं. पाठीवर, पंखांवर हात फिरवायचा मोह टाळा. या दिवसांत ते चिडकं असतं, गात नाही, दुपारी जास्त झोपतं. त्याला त्याचं राहू द्या.

वाढतं पीस मोडून रक्त आलं तर

बहुतेकदा रात्री, पिंजऱ्यात दचकून फडफड केल्यावर पंखाचं किंवा शेपटीचं कोवळं पीस मोडतं. चार थेंबही गजांवर उडाले की घरभर झाल्यासारखे दिसतात, तेव्हा आधी तुम्ही श्वास घ्या.

मऊ पंच्यात पाखरू धरा, डोकं मोकळं ठेवा, छाती दाबू नका. छाती हलली नाही तर त्याला श्वासच घेता येत नाही. मोडलेल्या टोकावर कॉर्नफ्लोअर किंवा मैदा लावून दोन-तीन मिनिटं बोटाने दाबून धरा. रक्त थांबलं की अंधाऱ्या, शांत जागी दोन-तीन तास राहू द्या आणि मधूनमधून नजर टाका. दहा मिनिटांत थांबलं नाही, तर थेट डॉक्टरकडे. “ते पीस उपटून टाक, थांबतं” असं सांगणारे भेटतील. डॉक्टर ते करतातही, पण घरी चुकीच्या कोनात ओढलं तर खळगा फाटतो आणि तिथे पुढे पीस वाकडं येतं किंवा येतच नाही.

पंखा बंद, जाळी लावा

मघाचा मुद्दा. पंख कापलेलं पाखरू महिनोन् महिने खांद्यावर बसतं, आपण निर्धास्त होतो. कापलेले बुंधे झडून नवी पिसं आल्याचं मात्र कुणी सांगत नाही. गोटू अशाच एका सप्टेंबरात स्वयंपाकघराच्या दारातून उडाला आणि तीन घरं पलीकडच्या लिंबावर जाऊन बसला. संध्याकाळपर्यंत खाली पिंजरा ठेवून शिट्टी वाजवली तेव्हा उतरला. छताचा पंखा चालू असता तर हे लिहायला विषय उरला नसता. झड सुरू झाली की दर आठवड्याला पंख उलगडून पिसं मोजा, आणि नवं मोठं पीस दिसताच पिंजरा उघडण्याआधी पंखा बंद, खिडक्यांना जाळी.

डॉक्टरकडे कधी

कातडी उघडी पडली. तीन महिने झाले तरी नवी पिसं नाहीत. नवी पिसं आखूड, वळलेली, मधे आवळल्यासारखी येतायत. चोच, पाय यांच्यावर खवले चढतायत. पाखरू फुगून पिंजऱ्याच्या तळाशी बसतंय. किंवा वजन एक दशांशाने उतरलंय. यातलं काहीही झालं तर थांबू नका. वाकडी पिसं आणि बिघडलेली चोच ही विषाणूच्या, एका पाखराकडून दुसऱ्याला लागणाऱ्या आजाराची खूण असू शकते; तपासणी होईपर्यंत इतर पाखरांपासून वेगळं ठेवा. उवा-गोचिडांची पावडर स्वतःच्या मनाने फासू नका.

वजन कळायला एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा पुरतो. त्यावर छोटी दांडी ठेवायची, रोज सकाळी खाण्याआधी. बजरी साधारण तीस-चाळीस ग्रॅमची असते, कॉकाटील ऐंशी-शंभरच्या आसपास.

शहरात बरेच दवाखाने कुत्र्या-मांजरांचे आहेत, तेव्हा जाण्याआधी फोनवर स्पष्ट विचारा, “पक्षी बघता का?” इंदूरजवळ महूला 1955पासूनचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथेही चौकशी करता येते. जाताना पिसांचं पाकीट (कागदाचं, प्लास्टिकमध्ये बुरशी येते), वजनाची वही, सकाळच्या विष्ठेचा फोटो आणि पाखरू काय काय खातं याची खरी यादी न्या. खरी म्हणजे आजोबांच्या शेवेसकट.